तीन बारांचं उत्तर

१

ओमेर लाशान्स सापडला तेव्हा त्याच्या टोपीवर दोन बोटं बर्फ साचलं होतं, आणि तोंड भावाच्या खोपटाच्या दिशेला होतं.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या मोसमातली ती रविवारची सकाळ. आदल्या दुपारी ओमेर एकटाच अस्वलकड्याकडे गेला होता. ओलं बर्फ भुरभुरत होतं, खडक बुळबुळीत झाले होते. पाय सरकला आणि तो कड्याच्या पायथ्याशी येऊन पडला. मांडीचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं. बाकीचं थंडीनं केलं.

शोधायला निघालेल्यांत सर्वांच्या पुढं त्याचा मुलगा रेमी होता, त्यालाच बाप सर्वांत आधी दिसला. मागची माणसं पोचली तेव्हा तो बापापाशी गुडघे टेकून बसला होता. त्या कडाक्यात त्यानं अंगातला कोट काढून बापाची रायफल त्यात गुंडाळली होती आणि ती छातीशी धरली होती. दुःखात माणूस काय करेल त्याचा नेम नसतो, म्हणून कुणी काही बोललं नाही. रायफल रेमीच्या ट्रकमधून खाली आली, बाप चार माणसांच्या खांद्यावरून.

ओमेरच्या डाव्या हाताशी काडतुसांच्या सहा रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या, आणि खिशातला चाकू, उघडलेला.

व्हरमाँटच्या त्या डोंगरांत पोराच्या हाती रायफल देण्याआधी एक गोष्ट शिकवतात. वाट चुकलास, पडलास, अडकलास, तर हवेत तीन बार काढ. मधे सारखं अंतर ठेव. ज्याला ऐकू जाईल तो एकच बार काढून उत्तर देईल. त्या एका बाराचा अर्थ, ऐकलं, येतोय. मग जागचा हलू नकोस. वेस्ट हार्लो गावच्या दोन पिढ्यांना हे वेंडेल पाइकनं शिकवलं होतं. तीस वर्षं तो त्या रानाचा सरकारी वॉर्डन होता. आता निवृत्त होता, पण लोक त्याला अजून वॉर्डनच म्हणत.

सहा पुंगळ्या. म्हणजे ओमेरनं दोनदा हाक दिली होती. आणि तिथून अर्ध्या मैलावर त्याचा सख्खा भाऊ लिओनेल आपल्या शिकारीच्या खोपटाच्या पायरीवर त्या दुपारी बसून होता. ते त्यानं स्वतःच सांगितलं. वर म्हणाला, "मला बार ऐकू आला नाही."

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि ते गेले. गावानं आपला निकाल वेगळा दिला. दोघा भावांचं मार्चच्या गावसभेत भांडण झालं होतं. तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते.

"कान शाबूत आहेत त्याचे," दुकानवाली डॉट म्हणाली. "मी मागच्या खोलीत त्याच्याविषयी कुजबुजले तरी त्याला ऐकू जातं. आणि भावाचे सहा बार ऐकू गेले नाहीत?"

जमीन गोठली की तिथं कबर खणता येत नाही. दफनभूमीच्या फाटकाशी दगडी कोठडी आहे, हिवाळ्यात गेलेली माणसं तिच्यात वसंताची वाट बघतात. ओमेरची पेटी त्या कोठडीत ठेवली गेली तेव्हा त्याची बायको आल्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "मे महिन्यात हे दार उघडेल. त्या दिवशी लिओनेलचा पाय या फाटकाच्या आत पडता कामा नये."

लिओनेल फाटकाबाहेरच उभा होता. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

२

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी लिओनेलनं वेंडेलचं दार ठोठावलं. हिवाळ्याभरात तो निम्मा झाला होता.

"वॉर्डन, तुझ्या कानातलं ते यंत्र चालू आहे का?"

"चालू आहे. शिट्टी मारतंय, ऐकू येत नाही?"

"मग ऐक. मी तेव्हा खोटं बोललो नाही. पण पुरतं खरंही बोललो नाही."

वेंडेलनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली. लिओनेलनं ती घेतली नाही.

"त्या दुपारी ओल्या बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडत होत्या. दुपारभर. एक इकडं, एक तिकडं. त्यात मधेच तीन ऐकल्या. कोरड्या, कडक. एक... एक... एक. कडा माझ्या पूर्वेला. हे आवाज उत्तरेकडून आले, दलदलीच्या बाजूनं. मग बऱ्याच वेळानं अजून तीन."

"आणि तुला काय वाटलं?"

"मी मनात म्हटलं, आज झाडंसुद्धा मोजून मोडतायत." त्यानं हातातली टोपी पिळली. "हसलो मी, वेंडेल. त्या पायरीवर बसून हसलो."

वेंडेलनं कॉफीचा कप त्याच्याकडं सरकवला.

"तो बार नव्हता," लिओनेल म्हणाला. "ओमेरची रायफल आमच्या बापाची. तिचा बार मी झोपेत ओळखेन. छातीत येऊन बसतो. हे टिचकीसारखं होतं. पण फांद्या सारख्या अंतरानं मोडत नाहीत. ते मला नंतर सुचलं. त्याला कोठडीत ठेवताना सुचलं."

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? हाक ऐकली आणि फांदी समजलो? डॉट ते रोज पावाबरोबर वाटेल." तो उठला. "मला निर्दोष ठरव असं म्हणत नाही. माझ्या भावाची हाक मी ऐकली की नाही, एवढंच मला कळू दे. ऐकून बसून राहिलो असेन, तर आल्मानं अडवायची गरज नाही. मी स्वतःच फाटकाच्या आत येणार नाही."

दार लागलं. वेंडेल तसाच बसून राहिला. तीस वर्षं त्यानं रानातले आवाज ऐकले होते. पूर्वेचा बार उत्तरेकडून ऐकू आला, असं कधी झालं नव्हतं.

एकदा सोडून.

३

आल्माच्या ओसरीवर लाकडांच्या दोन राशी होत्या. एक रोज कमी होत चाललेली. दुसरी नीट रचलेली, वरचं बर्फसुद्धा न मोडलेली.

"ही कुणाची?" वेंडेलनं विचारलं.

"लिओनेलची. दर शनिवारी पहाटे आणून रचतो. मी झोपले आहे असं त्याला वाटतं." आल्मानं त्या राशीकडं पाहिलंही नाही. "काडीसुद्धा जाळली नाही मी. आत ये, वाटाण्याचं सूप आहे. मीठ जास्त असेल तर बोलू नकोस, हल्ली चव बघवत नाही."

सूप खारट होतं. वेंडेल वाडगा संपवेपर्यंत बोलला नाही.

"ओमेरची रायफल बघू?"

"रेमीनं आणून टांगली तशी आहे. मी हात लावला नाही. पुसलीसुद्धा नाही. पुसली की संपलंच ना सगळं."

मागच्या दाराशी खुंटीला कापडी खोळ लटकत होती. वेंडेलनं ती उतरवली. रायफल आत घसरली आणि टोकाशी जाऊन थडकली. दस्त्याच्या बाजूला वीतभर खोळ रिकामी राहिली. वेंडेलनं ती मोकळी वीत चाचपून पाहिली. तिथलं कापड नवं होतं, शिवण बारीक, बाईमाणसाच्या हातची.

"ही खोळ तू वाढवलीस?"

"सप्टेंबरात. त्यानंच मागं लागून करून घेतली. म्हणाला, तोकडी पडतेय, आल्मा, वीतभर जोड." ती एकाएकी हसली. "मी म्हटलं, चाळीस वर्षं पुरली, आता काय रायफल वाढायला लागली? तर म्हणतो, म्हातारपणी नाक वाढतं ना, तसं."

हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं तोंड चुलीकडं फिरवलं.

वेंडेल हसला नाही. रायफल वाढत नाही. पण वाढवता येते.

४

त्यानं रायफल ओसरीवर उजेडात नेली.

रात्रभर ओल्यात पडलेल्या आणि नंतर न पुसलेल्या लोखंडाचं जे व्हायचं ते झालं होतं. सगळ्या नळीवर तांबूस गंजाची बुरशी धरली होती. फक्त तोंडाकडचं बोटभर लोखंड लखलखीत होतं, तेल लावल्यासारखं, आणि त्यावर स्क्रूला असतात तसे बारीक आटे होते.

ही रायफल वेंडेलच्या ओळखीची होती. ओमेरच्या बापाच्या हातात त्यानं ती पाहिली होती. तिचं तोंड साधं होतं, गुळगुळीत. आटे कुणीतरी नव्यानं पाडले होते. आणि सारी नळी भिजली त्या रात्री तेवढंच लोखंड कोरडं राहिलं होतं. कशाच्या तरी आत.

"आल्मा, दवाखान्यातून त्याच्या वस्तू दिल्या असतील."

तिनं कागदी पिशवी आणून दिली. लाल लोकरीचे हातमोजे. डाव्याची तळव्यावरची वीण पार उसवलेली, लोकर ओढून काढल्यासारखी. खिशातला चाकू. वेंडेलनं तो उघडला. पात्याच्या टोकाला काळ्या रंगाचे कण होते. ओमेर पडला तिथं काळा रंग दिलेलं काही नव्हतं. तिथं खडक होते आणि बर्फ.

"जाकिटाच्या खिशात काही?"

"रुमाल. तपकीर. आणि कसलंसं टोपण, बाटलीचं असेल. ते बघ, खिडकीत ठेवलंय."

खिडकीच्या कट्ट्यावर अंगुस्तानाएवढं पोलादी टोपण होतं. वेंडेलनं ते रायफलीच्या तोंडावर टेकवलं आणि फिरवलं. ते आट्यांवर हळूच, न अडखळता, शेवटपर्यंत बसलं.

एखाद्या नळीवर काही चढवताना शिकारी हे टोपण काढून खिशात टाकतो. घरी येऊन ते काढलं की टोपण परत लावतो. ओमेरला परत लावायची वेळ आली नव्हती. तरीही जे चढवलं होतं ते आता रायफलीवर नव्हतं.

"आल्मा," वेंडेलनं विचारलं, "रानातून घरापर्यंत ही रायफल कुणाकुणाच्या हातात होती?"

"सांगितलं ना. फक्त रेमीच्या."

५

गावसभा दोन दिवसांनी भरली. शाळेच्या दालनात लोखंडी खुर्च्या, मागं डॉटच्या मांस भरलेल्या पोळ्यांचा वास. रस्त्यांचं झालं, बर्फ काढायच्या गाडीचं झालं. मग सभापतीनं मागच्या वर्षी अर्धा राहिलेला विषय काढला. बंदुकीला सायलेन्सर लावायचा का. त्या राज्यात आपल्या नावानं परवाना काढून तो घरात ठेवता येत होता, पण दुसऱ्याच्या हाती देणं गुन्हा होता आणि शिकारीला नेणंही गुन्हा होता. आता राजधानीत कायदा बदलायचा घाट होता आणि गावाचं म्हणणं मागवलं होतं.

मागच्या वर्षी या विषयावर सर्वांत जास्त बोलला होता तो रेमी. वेंडेलला शब्द न् शब्द आठवत होता. "माझ्या बापाला पाखरू ऐकू येत नाही. आई शेजारी बसून बोलते ते ऐकू येत नाही. कानात रात्रंदिवस भोंगा वाजतो त्याच्या. मोटारीला सायलेन्सर नसला तर दंड करता, आणि बंदुकीला असला तर तुरुंग? हे काय शहाणपण?" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा लिओनेल उठला होता. "रानात नजर पन्नास पावलं जाते, कान मैलभर जातो. शेजारी कोण आहे, कुठं आहे, बरा आहे की नाही, हे मला बार सांगतो. तो बंद केलात तर रानात आम्ही सगळे एकटे." ओमेरनं हसून मिटवायला पाहिलं होतं. "भांडू नका रे. मी आधीच अर्धा बहिरा. मला देवानंच सायलेन्सर लावून दिलाय, दुसरा नको." पण लिओनेल थांबला नव्हता. रेमीकडं बोट करून म्हणाला होता, "या पोराच्या खेळण्यापायी एक दिवस कुणीतरी मरेल." ओमेर त्या क्षणी उठून गेला होता. तो भावाशी पुन्हा बोललाच नाही.

म्हणूनच कुणाला कधी शंका आली नव्हती. ओमेरला सायलेन्सरचं ते नळकांडं नको होतं, हे साऱ्या गावानं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

या वर्षी डॉट आधी उठली. "माझी गिऱ्हाइकं शिकारीच आहेत. एकालाही धड ऐकू येत नाही. खारं लोणी मागतात, मी गोडं देते, तरी थँक्यू म्हणून जातात. कान वाचत असतील तर लावू दे ना."

"आणि माझ्या घोड्यांच्या कुरणाशेजारी कुणी बार काढला तर मला कळणार कसं?" मागून एक बाई म्हणाली. "आवाज आला की मी पोरांना घरात घेते. आवाज मेला की मी काय करू?"

"अगं, पुरता मरत नाही तो. सिनेमात दाखवतात तसं नसतं," डॉट म्हणाली.

"मग कान कसे वाचतात?"

हशा झाला. सभापतीनं हातोडी आपटली. "रेमी, तुझं काय? गेल्या वर्षी तुला थांबवता थांबवता माझा घसा बसला होता."

सगळ्या माना वळल्या. रेमी शेवटच्या रांगेत होता. शेजारची खुर्ची त्यानं रिकामी ठेवली होती. ती ओमेरची जागा.

"माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

त्याचा कोट खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

वेंडेल त्या कोटाकडं पाहत राहिला. कडाक्याच्या सकाळी पोरगा बापाजवळ पोचतो, अंगातला कोट काढतो. जो कुणी कोट काढील तो बापावर घालील. यानं तो रायफलीला गुंडाळला होता.

त्यानं कोट उचलला आणि तो बाहेर पडला.

६

रेमी बापाच्या गुऱ्हाळात होता. मेपलच्या झाडांचा गोड रस पाकासाठी कढईत उकळत होता, वाफेनं छप्पर दिसत नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत तिथं दोघे भाऊ एका कढईवर उभे राहत, पाक झाला की नाही यावरून भांडत. आता रेमी एकटाच लाकडं सारत होता.

वेंडेलनं कोट खुंटीला टांगला. मग खिशातून पोलादी टोपण काढून कढईच्या कडेवर ठेवलं.

रेमीनं ते पाहिलं. त्याचा हात लाकडावरच थांबला.

"तुझ्या आईनं खोळ वाढवली," वेंडेल म्हणाला. "रायफल वीतभर लांब झाली होती म्हणून. नळीला गंज चढला, तोंडाला नाही, कारण त्या रात्री तोंड झाकलेलं होतं. आणि तुझ्या काकानं उत्तरेकडून तीन टिचक्या ऐकल्या."

"टिचक्या?"

"फांद्या समजला तो. नळकांडं तोंडापाशी होणारा दणका गिळतं. पण गोळी आवाजाच्या पुढं पळते, ती जाता जाता हवा फाडते. ते नळकांड्याला थांबवता येत नाही. रानात ऐकणाऱ्याला तो कडाड आवाज जिथून गोळी गेली तिकडून ऐकू येतो, जिथून सुटली तिकडून नाही. मी कामावर असताना असंच नळकांडं लावलेल्या एका चोरट्या शिकाऱ्यापायी दिवसभर भलत्याच बाजूला हिंडलो होतो. तुझा बाप कड्याला पाठ टेकून पडला होता. त्याला बार काढायला मोकळी एकच बाजू होती. दलदलीची."

रेमी लाकडाच्या ओंडक्यावर बसला. पस्तिशी उलटलेला, दांडगा माणूस. बसताना मात्र शाळेतल्या पोरासारखा बसला.

"काकाला ऐकू गेलं," तो म्हणाला.

"गेलं. पण हाक म्हणून नाही गेलं."

रस उतू जायला लागला. दोघांपैकी कुणीही हललं नाही. मग वेंडेलनंच लोण्याचा बारीक खडा टाकला आणि फेस खाली बसला.

"त्याला नको होतं ते," रेमी म्हणाला. "सभेत म्हणाला तसंच घरीही म्हणाला. मीच मागं लागलो. म्हटलं, पापा, उरलंय तेवढं तरी ऐकू राहू दे. माझी पोरगी बोलायला लागलीय, तिचं बोलणं तुला ऐकू यायला नको? तेव्हा तयार झाला. आजोबांच्या रायफलीला आटे पाडायला मी गावाबाहेर नेली. नळकांडं माझ्या नावावर होतं. माझ्याकडून त्याच्या हाती गेलं तिथंच गुन्हा झाला, ते मला माहीत होतं. पण तुरुंगाची भीती मला तेव्हाही नव्हती, आताही नाही."

"मग काढून का नेलंस?"

रेमीनं बराच वेळ तळव्यांकडं पाहिलं.

"तो सापडला तेव्हा त्या नळकांड्यावर लाल लोकर गोठून चिकटली होती. काळा रंग चाकूनं खरवडलेला, चारी बाजूंनी. त्याच्या लक्षात आलं होतं, वॉर्डन. पहिले तीन बार काढले, उत्तर आलं नाही, तेव्हा लक्षात आलं. मग एका हातानं ते काढायला बघत होता. डाव्या हातानं. हातमोजा उसवेपर्यंत." त्यानं डावी मूठ आवळली. "ते निघणार नव्हतं. मीच पाना लावून आवळलं होतं. सैल होऊन वाकडं बसू नये, गोळी त्याला घासू नये, पापाला इजा होऊ नये म्हणून आवळलं होतं. मी."

वाफ छपराच्या फटीतून बाहेर जात होती.

"मग त्यानं तसेच आणखी तीन बार काढले. पोचणार नाहीत हे माहीत असताना. ते आईनं बघायला नको म्हणून मी कोटात गुंडाळलं. ट्रकमध्ये दोन हातांनी, पान्यानं काढलं. वाटलं होतं, अपघात म्हणतील, संपेल. काकावर येईल हे मला सुचलंच नाही. आणि आलं तेव्हा..." त्यानं चेहऱ्यावरची वाफ पुसली. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी वाटायचं, आईला अजून एक दिवस हे माहीत नसू दे."

"कुठं आहे ते?"

रेमीनं रसाच्या पिंपामागं हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. वेंडेलनं ती उलगडली नाही.

तो त्याच्याजवळ ओंडक्यावर बसला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पुष्कळ माणसं पकडली होती. इतकं जड त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मी हे घेऊन जात नाही," तो म्हणाला. "आणि तुझ्या आईला मी सांगणार नाही. तू सांगशील. पण आज सांगशील. तिकडं एक माणूस आहे, तो विचारतोय की भावाची हाक ऐकून आपण हसलो का."

रेमीनं वर पाहिलं.

"हसला तो?"

"फांद्यांना. त्यालाही माफ करणारं कुणी नाही अजून."

रेमी उठला. त्यानं भट्टीतली लाकडं ओढून काढली, कढई निवू दिली. मग कोट अंगात घातला, फडकं काखेत धरलं, आणि आईच्या घराकडं चालू लागला.

७

स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. वेंडेल रस्त्यावर आपल्या ट्रकमध्ये बसून राहिला होता. काचा वर होत्या आणि त्याच्या कानातलं यंत्र त्यानं काढून खिशात ठेवलं होतं. काही ऐकू येऊ नये म्हणून.

संध्याकाळ व्हायच्या आत आल्मा ओसरीवर आली. अंगावर शालसुद्धा नव्हती. ती न मोडलेल्या राशीपाशी गेली, वरचं गोठलेलं बर्फ तिनं हातांनी फोडलं, आणि त्यातली लाकडं छातीशी धरून आत नेली. पुन्हा आली, पुन्हा नेली. थोड्या वेळानं रेमीही बाहेर आला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पण दार धरून उभी राहिली, तो लाकडं घेऊन आत जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी रेमी स्वतः जाऊन नळकांडं पोलिसांकडं जमा करून आला. खटला उभा राहील असं त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. डॉटनं दुकानात त्या आठवड्यात कुणाविषयीच काही कुजबुजलं नाही.

मे महिन्यात जमीन मऊ झाली आणि कोठडीचं दार उघडलं.

सारा गाव आला होता. लिओनेल आला, पण फाटकाबाहेर त्याच जागी उभा राहिला. वेंडेलनं त्याला सगळं सांगितलं होतं. त्यावर तो एवढंच म्हणाला होता, "म्हणजे ऐकलं मी."

पेटी खाली सोडली. पाद्र्याचं बोलणं संपलं. तेव्हा आल्मा वळली आणि सगळ्यांमधून फाटकापर्यंत चालत गेली. तिच्या हातात ती खोळ होती. वाढवलेली वीत तिनं उसवून काढली होती.

"लिओनेल," ती म्हणाली. "मी हिवाळाभर तुझी लाकडं जाळली नाहीत."

"ओली होती ती," लिओनेल म्हणाला. "धूरच झाला असता."

तिनं खोळ त्याच्या हातात दिली. मग फाटक उघडं धरलं.

लिओनेल आत आला. कबरीपाशी रेमी मान खाली घालून उभा होता. लिओनेलनं खोळीतून बापाची रायफल काढली. कुणीतरी ती पुसून, तेल लावून लख्ख केली होती. तोंडावर पोलादी टोपण घट्ट बसवलेलं होतं. त्यानं ते काढून रेमीच्या तळहातावर ठेवलं आणि पोराची मूठ आपल्या हातानं मिटली.

खिशातून त्यानं काडतूस काढलं. एकच.

"कान झाक, पोरा," तो म्हणाला.

रेमीनं कान झाकले नाहीत. वेंडेलनंही यंत्र काढलं नाही.

लिओनेलनं रायफल अस्वलकड्याकडं रोखली आणि बार काढला. तो सगळ्यांच्या छातीत येऊन बसला. दरीतून गेला, कड्यावर आदळला, परत आला. फाटकाशी बांधलेला कुत्रा उठून उभा राहिला. त्या गावात असं एकही माणूस नव्हतं, ज्याला त्या एका बाराचा अर्थ सांगायला लागला असता.

घुमारा विरेपर्यंत लिओनेलनं रायफल खाली केली नाही.